आमचा पहिला आला

दिनांक ३ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. सानगडीच्या माझ्या अंगणात माझा जुना विद्यार्थी बिनब्रेक्या त्याच्या बापाची जुनी सायकल धरून उभा होता. साडेनऊच्या बसने तो साकोलीला आणि तेथून पुढे एका दूरच्या शहरात जाणार होता. तेथील लाकडी ट्रॅकवर मुलांना सायकल शर्यत शिकवण्याची नोकरी त्याला मिळाली होती. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती मी कित्येक वर्षे सांगितली नव्हती आणि आता माझ्याजवळ तीन तास होते.

त्याचे खरे नाव शाळेच्या हजेरीत होते. गावाने त्याला बिनब्रेक्या केले. आठवीत असताना त्याने याच सायकलचे दोन्ही ब्रेक काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “ब्रेक असला का हात तिकडंच जाते, गुरुजी.” मी त्याला दोन छड्या मारल्या आणि ब्रेक बिस्किटांच्या डब्यात ठेवले. मागेल तेव्हा द्यायचे असे ठरवले होते. त्याने ते कधी मागितले नाहीत. थांबायचे झाले की तो पायातली चप्पल पुढच्या चाकावर दाबत असे. त्याची आई एकदा शाळेत आली आणि मला म्हणाली की, अभ्यासाचे तुम्ही पाहून घ्या, पण याला चपला किती घेऊन द्यायच्या तेवढे सांगा.

दुसरी खोड म्हणजे पाय. उतारावर सारे जग पायडल थांबवते. हा थांबवत नसे. पुढे शहरातल्या एका शिबिरात ट्रॅकची सायकल त्याच्या हाती आली, तिला ब्रेक नव्हते आणि चाक फिरते तोवर तिचे पायडलही फिरत राहते. शहरातली मुले तिच्यावरून पहिल्याच दिवशी पडली. हा पडला नाही. ही सायकल आपल्याच गावची दिसते, असे त्याने मला पत्रात कळवले होते.

त्याचा बाप शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा, नावाजलेला धुरकरी. मी त्याच पटांत घड्याळ धरत असे. त्यामुळे पोराला शर्यत शिकवायची वेळ आली तेव्हा मला जे ठाऊक होते तेच मी शिकवले. पटात दोन जोड्या शेजारी सुटतात. सुटल्या क्षणी जी उसळते ती जिंकते आणि जो धुरकरी मागे वळून पाहतो त्याची जोडी वाकडी जाते. तलावाच्या पाळीवर घड्याळ धरून मी त्याला रोज तेच सांगत होतो. सुटला की पुढे हो. मागे पाहू नकोस. चार वर्षे सांगितले. तो जिल्ह्यात कोणाला सापडत नव्हता.

मग मोठ्या शहरात ट्रॅकची निवड शर्यत झाली. मी सोबत गेलो होतो. दोघांनी तीन फेऱ्या मारायच्या. इशारा झाला आणि हा पाळीवर सुटावा तसा सुटला. दुसऱ्या मुलाला घाई नव्हती. तो याच्या चाकाला चिकटून याच्या आडोशाने निवांत आला आणि शेवटच्या वळणानंतर बाजूने निघून गेला. तीन मुलांविरुद्ध तीनदा हेच झाले. परतीच्या गाडीत बिनब्रेक्या म्हणाला, “गुरुजी, थो माह्या मागं लपून होता.” मी म्हणालो, “मग आणखी जोरात जायचे होते.”

त्या शर्यतीत पुढे असणाऱ्याने हळू जायचे असते, सतत मागे पाहायचे असते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी, दूरचित्रवाणीवर शर्यत पाहताना कळले. मी उठून संच बंद केला.

त्याने मात्र सायकल सोडली नाही. दम असलेले पोर म्हणून मोठ्या शहरातल्या प्रशिक्षकांनी त्याला परत बोलावून घेतले आणि रस्त्याच्या शर्यतींकडे वळवले. एका सरकारी खात्याने त्याला खेळाडू म्हणून नोकरी दिली. रस्त्यावर संघ असतो. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि ज्याला जिंकायचे आहे त्याने त्याच्या मागे राहून ताकद राखायची. बिनब्रेक्याने पंधरा वर्षे वारा घेतला. अखेरच्या टप्प्यावर तो बाजूला होई आणि दमून कुठेतरी मागे पोहोचे. छायाचित्रात तो नसे. सुट्टीत गावी आला की चहाच्या टपरीवर लोक विचारत, कितवा आलास? त्याचे उत्तर ठरलेले होते. “आमचा पहिला आला.” कोणी टोमणा मारी, म्हणजे तू वरातीतला बँडवाला. तो म्हणे, “बँडवाला नसन त वरात कशी निंगन, भाऊ?”

तर त्या सकाळी चहा झाला. लाखोळीची भाजी आणि भात झाला. साडेआठ वाजले. सायकल माझ्याकडे ठेवायला त्याने आणली होती. घरी ती चालवणारे कोणी उरले नव्हते. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, कारण अशी गोष्ट बसून सांगू नये.

“तुला त्या निवडीत मी हरवले,” मी म्हणालो. “तू नव्हे. मी पटाचे शिकवले. ट्रॅकचे मला येत नव्हते.”

तो चपलेत पाय घालत होता. “मले मालूम हाये, गुरुजी. त्याच दिवशी समजलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तिथल्या सरानं विचारलं होतं, हे असं पयायले तुले कोणं शिकवलं. मी म्हणलो, बैलाईनं.” तो हसला. “सगळे हासले. वर्षभर मले बैलच म्हणत.”

माझे नाव त्याने घेतले नव्हते. ते नाव वाचवण्यासाठी तो वर्षभर बैल झाला होता. तो पुढे म्हणाला, “अन् समोर राहाले तुमीच शिकवलं ना जी? त्याच्यावरच त माही नोकरी झाली.” मग त्याने विचारले, “आता तिथं पोराईले काय शिकवू?”

“मागे पाहायला शिकव.”

“अन् समोर राहाले?”

“तेही. पण नंतर.”

त्याने मान हलवली आणि पाया पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बहुधा पहिल्यांदाच. बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. बस वेळेवर आली. खिडकीतून त्याने मागे पाहिले की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी घराकडे वळलो होतो.

दुपारी कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला. ब्रेकच्या दांड्यांवर गंज होता, रबरे दगडासारखी झाली होती. दांड्या रॉकेलने पुसल्या, बाजारातून नवी रबरे आणली आणि दिवस मावळेपर्यंत दोन्ही ब्रेक सायकलला बसवले. अंगणात एक फेरी मारून पाहिली. मागचा नीट लागला. पुढचा थोडा घासत होता, त्याचा नट अर्धा आटा सैल केला.