पितळी दांडीवरचा हात

भुतांवर माझा विश्वास नाही आणि गिऱ्हाइकांवर त्याहून नाही. बर्डीच्या बाजारात धातूच्या पॉलिशचं दुकान चालवायचं म्हणजे हे दोन्ही अविश्वास लागतात. लोक येतात, चांगलं पॉलिश द्या म्हणतात, आणि कशाला लावायचं ते विचारलं की मी जणू त्यांचा पगार विचारला असं तोंड करतात.

प्रेमिलाबाई तशा नव्हत्या. पन्नाशीच्या, हडकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. तलावावर भाड्याने चालणाऱ्या बोटी घासूनपुसून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. तलावाचं नाव सांगत नाही, उगाच तुम्ही पोरांना न्यायचं बंद कराल. बाईंनी सगळं नीट सांगितलं. बोटीच्या काठाची धरायची दांडी पितळेची, दोर बांधायच्या खुंट्या स्टीलच्या, वल्ह्याच्या कड्या अॅल्युमिनियमच्या. आणि हे सगळं त्या चिंच आणि राखेने घासत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "देवाची भांडी आहेत काय वं बाई ते? चिंचेनं पितळ घडीभर उजळते अन् मग लाल पडते. स्टीलले तारेची घासनी लावसान तर गंजाचे ठिपके येतीन. अन् पितळेचं पॉलिश अॅल्युमिनियमले लावलं तर थे काळं पडन."

बाईंनी ऐकून घेतलं. स्टीलसाठी पातळ पॉलिश घेतलं, वरून लावायला मेण घेतलं. पितळेशी आल्यावर मात्र अडल्या.

"भाऊ, असं द्या का दांडी चमकन, पन एक डाग तेवढा राहीन."

"डाग राहावा म्हनून कोनी पॉलिश घेते काय?"

"माह्या माणसाचा हात आहे त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. त्यांचा नवरा बळीराम याच बोटी चालवायचा. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी रिकामी बोट किनाऱ्याला आणत होता. बोट तेवढी जलपर्णीत अडकलेली सापडली, बळीराम दुसऱ्या दिवशी. भोयाच्या घरचा माणूस, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. तो बुडेल कसा? डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. सगळ्यांनी बाईंना तेच सांगितलं, झटक्यात गेला, पाण्यात पडायच्या आधीच गेला, त्याला काही समजलंसुद्धा नाही. बाई त्या एका वाक्यावर जगत होत्या.

आपल्याकडे दिवसकार्यात दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात कोणाचं पाऊल उमटलं ते पाहायचं. पाखराचं असेल तर पाखरू झाला, लेकराचं असेल तर घरात परत येणार. बळीरामच्या पिठावर काहीच उमटलं नाही. नणंद म्हणाली, "तो गेलाच नाही वं, मधीच अडकला." तेव्हापासून बाई पाऊल शोधत होत्या. आणि एक दिवस त्याच बोटीच्या पितळी दांडीवर त्यांना हात सापडला. काळपट, पंज्याएवढा. घासला की फिका होई, सकाळी पुन्हा वर येई. बाईंनी कुंकू पुन्हा लावलं ते यामुळे. कामाला लागण्याआधी त्या रोज त्या हातावर हात ठेवायच्या, घरातलं काय काय सांगायच्या. आता बोटींचा ठेकेदार अश्विन म्हणत होता, डाग घालवा, नाहीतर दांडी भंगारात देतो.

मी म्हणालो, घामात मीठ असतं, मीठ पितळ खातं, हात तुमचाच असणार. "असन," बाई म्हणाल्या. त्यांना वाद घालायचाच नव्हता. मला मात्र खुमखुमी. रविवारी सकाळी दोन-तीन डबे पिशवीत घालून मी तलावावर गेलो.

ऊन लख्ख होतं, पाणी हलत नव्हतं. बोट पायऱ्यांना बांधलेली होती आणि दांडीवर हात होता. मोठा, रुंद, बोटांच्या पेरांसकट. मी मऊ क्रीम लावून चोळलं. डाग गेला. मोठ्या ऐटीत मी बाईंना ठेल्यावर चहा पाजला आणि आम्ही बोटीशी परत आलो. करंगळी वर आली होती. आमच्या डोळ्यांदेखत तिच्या शेजारचं बोट उमटलं, मग त्याच्या शेजारचं. मी भ्यालो, सरळ सांगतो.

तरी जिभेची सवय जात नाही. "ठेवून पाहा बरं तुमचा हात," मी म्हणालो.

बाईंनी बोटीत बसून नेहमीसारखा हात ठेवला. मी बारीक पाहत होतो म्हणून लक्षात आलं, तो जुळतच नव्हता. बोटीत बसलेला माणूस काठाची दांडी धरतो तेव्हा बोटं पाण्याकडे वळतात आणि अंगठा आत राहतो. इथे चारही बोटं आत वळलेली होती आणि अंगठा बाहेर, पाण्याकडे. बाईंनी माझं तोंड पाहिलं.

त्या उठल्या आणि पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. तिथून हात वर करून त्यांनी दांडी पकडली. त्यांची बोटं त्या बोटांवर बसली, अंगठा अंगठ्यावर. त्यांचा हात लहान होता, पण धरायची तऱ्हा तीच होती.

"म्हंजे थो झटक्यात नाही गेला," त्या म्हणाल्या. "धरून राहिला होता. वर चढता आलं नाही त्याले."

मी त्यांना वर घ्यायला हात दिला, पण त्यांनी दांडी सोडली नाही.

"भाऊ, मी त्याले रोज सांगत राहिली, जाऊ नको, इथंच राहा. अन् थो अजून लटकूनच आहे." त्यांचा आवाज फुटला. "कितीक दुखत असन हो त्याचा हात!"

मग त्या पाण्यातून वर आल्या. "सगळ्यात कडक कोनतं आहे थे द्या."

मी खरखरीत पेस्टचा डबा काढला आणि बजावलं, "हे पितळच खरडते, बाई. पुन्हा काही वर येनार नाही."

"द्या."

बोटीत त्या दांडीच्या बाजूला बसल्या, बोट कलू नये म्हणून मी समोरच्या. त्यांनी करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट घासताना त्या हळू आवाजात बोलत होत्या, लेकराला झोपवताना बोलतात तसं. "सोड. सोड आता. माह्यी काळजी नको करू. पोरं आहेत ना." चार बोटं गेली. अंगठ्याला फार वेळ लागला. पेस्ट काळी झाली, त्यांच्या नखांतून रक्त आलं, तरी मला त्यांनी हात लावू दिला नाही.

अंगठा गेला आणि बोट हलली. बाईंची बाजू वर आली आणि माझी खाली गेली, काठाला लोंबणारं ओझं सुटावं तशी. वारा नव्हता. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो. पाण्यात एक वर्तुळ उमटलं, पसरत पसरत जलपर्णीपर्यंत गेलं आणि विरलं.

बाईंनी कोऱ्या दांडीवर तळवा ठेवला, मग पाण्याकडे पाहिलं. नवरा मेला त्या दिवशी ही बाई रडली नव्हती म्हणतात. त्या सकाळी मात्र तिने असा हंबरडा फोडला की पलीकडच्या काठावरची माणसं धावत आली.

"काय झालं गा?" त्यांनी मला विचारलं.

"तिचा माणूस गेला," मी म्हणालो.