साडूंचं हिरवं औषध

आमच्या साडूंना माणसं दिसतच नसत. त्यांना फक्त दुखणी दिसत. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर सारं नाशिक "राम राम" म्हणे, हे म्हणत, "गुडघा काय म्हणतो?" सासऱ्यांच्या तेराव्याला गुरुजींनी जेवताना डावा हात कमरेवर ठेवलेला यांनी पाहिला मात्र, त्यांना भरल्या पानावरून उठवून ओसरीवर पालथं घातलं. पितर ताटकळले, वरण गार झालं, आणि अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती रडायला गेली की हसायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी शाळामास्तर, ते डॉक्टर, आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी. एवढ्या एका नात्यावर त्यांनी मला वर्षानुवर्षं आपली औषधांची पेटी उचलायला लावली.

नुसतं "दुखतं" म्हणणाऱ्या रोग्याला ते औषध देत नसत. "दुखतं हे तुमच्या तोंडावर दिसतंय. कसं दुखतं? ठणकतं, ठसठसतं, सलतं, चमकतं, की आग होते?" दिंडोरीकडचे एक पाटील एकदा वैतागून म्हणाले, "डाक्टर, लय दुखतंय, येवढंच मला ठावं हाय." साडू शांतपणे म्हणाले, "लय हे माप झालं, पाटील. मला जात सांगा." पाटील बाहेरच्या बाकावर जाऊन पाय हातात घेऊन बसले आणि थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "सलतंय जनू." साडूंनी त्यांची पाठ थोपटली आणि टाचेतला बाभळीचा काटा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

यांपैकी चमकेवर, म्हणजे शिरेच्या दुखण्यावर, त्यांचं एक खास औषध होतं. हिरवट रंगाचा, उग्र वासाचा भांगेचा अर्क. दुसरं काही लागू पडलं नाही तरच तो बाहेर निघायचा. नशेच्या आशेनं कुणी खोटी चमक घेऊन आलाच, तर त्याला एरंडेल मिळे आणि तेही समोर बसवून पाजलं जाई. गावातले बाकीचे डॉक्टर हसत. विलायतेच्या औषधांच्या पोथीतून हे नाव केव्हाच बाद झालं, एका बाटलीची ताकद दुसरीला नाही, असल्या औषधाचा भरवसा कसला, असं त्यांचं म्हणणं. साडू म्हणत, "बैलाबैलाची ताकद निराळी असते, म्हणून कुणी नांगरट सोडत नाही. आधी बैल ओळखावा लागतो." मात्र त्या औषधाचं खोटं कौतुकही त्यांनी कधी केलं नाही. "यानं दुखणं जात नाही, मास्तर. ते माजघरातून उठून ओटीवर जाऊन बसतं, एवढंच. तेवढ्यात माणूस दोन घास खाऊन घेतो."

पंचवटीतल्या एका लहानशा राममंदिरात एक वृद्ध पुराणिकबुवा रामायण सांगत. सीताहरणापर्यंत आले आणि त्यांच्या उजव्या गालात चमक शिरली. वारा लागला तरी गालात तापली सळई फिरावी तशी. घास चावता येईना, दाढी करता येईना, बोलणं तर दूरच. राम रानात, सीता लंकेत आणि बुवांचं तोंड बंद. साडूंपुढे बसून गाल उपरण्यानं झाकत बुवा दातांच्या फटीतून म्हणाले, "मरायची भीती नाही, डॉक्टर. पण रामाला अर्ध्या वाटेवर सोडून जायचं नाही. अयोध्येत पोचवू द्या." साडूंनी अर्काची बाटली दिली आणि म्हणाले, "पोचवू. रोज सांगितलं तेवढंच, दुधातून."

आता बुवांचा आयुष्यभराचा नेम असा, की देवाला दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही आणि देवाला दाखवलेलं एकट्यानं खायचं नाही. साडूंना दुखण्याच्या सगळ्या जाती ठाऊक, पण हा नेम ठाऊक नव्हता. आली एकादशी. बुवांनी विचार केला, रामापुढे एवढंसं काय ठेवायचं आणि मंडळींना पुरायचं कसं? त्यांनी अख्खी बाटली पंचामृताच्या पातेल्यात रिकामी केली आणि रिकाम्या पोटी आलेल्या भक्तांना भक्तिभावानं पळी पळी वाटली.

त्या दिवशी मंदिरात जे झालं ते पाहायला मी असायला हवा होतो. कुणाशी सरळ न बोलणाऱ्या एक काकू स्वतःच्याच वातींकडे पाहून खदाखदा हसत सुटल्या. मृदंग वाजवणारे गृहस्थ एकच थाप देऊन तिचा आवाज विरेपर्यंत ऐकत बसले, दुसरी देईनातच. पेन्शनर मुन्सफांनी खांबाला टेकून न्यायासन मांडलं आणि रावणाला पुराव्याअभावी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेले मुन्सफ दवाखान्यात थडकले. "डॉक्टर, हे औषध आजपासून बंद. नाहीतर वर कळवतो, तुमची सनद जाईल."

"रावसाहेब," साडू म्हणाले, "औषध बुवांचं होतं. ते तुम्ही प्यायलात. तक्रार त्यांनी करायची की तुम्ही?"

"मी थट्टा करत नाही!"

"मीही नाही. खुशाल कळवा. त्यात एवढंही लिहा, की पुढचं रामायण कोण सांगणार आहे."

मुन्सफ पुराणाचे पक्के श्रोते. खुर्चीत बसले, बराच वेळ छत्रीच्या मुठीशी खेळले आणि शेवटी म्हणाले, "पंचामृताच्या जवळपास आणू नका म्हणजे झालं." तेव्हापासून साडू रोज पहाटे पूल ओलांडून स्वतः बुवांकडे जाऊ लागले, वाटून द्यायला काही उरूच नये इतकंच औषध घेऊन. बुवा ते रामापुढे धरत. देवळात कधी पाय न टाकणारा हा माणूस दाराबाहेरून विचारी, "झालं का रामाचं? मग घ्या."

पुढं मुंबईहून अर्क येणं बंद झालं. साडूंनी तो घरी करायचं ठरवलं आणि खादीच्या कोटात सरकारी परवान्याच्या गांजाच्या दुकानावर जाऊन उभे राहिले. तिथं दारूगांजाविरुद्ध पिकेटिंग चाललेलं, स्वयंसेविका गिऱ्हाइकांची वाट अडवून उभ्या. त्यांतली एक पोरगी, जिचं देवीचं दुखणं यांनीच काढलेलं, हात जोडून म्हणाली, "डॉक्टरकाका, तुम्हीसुद्धा?" हे म्हणाले, "तुझं बरोबर आहे, बाळ. पण मागं एक माणूस कळवळतोय. वाट सोड." ती बाजूला झाली. घरचा अर्क मात्र कधी पाणी, कधी वीज. म्हणून पहिली चव स्वतः घ्यायची असा त्यांनी दंडक घातला. एका चवीच्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्यांची दुरडी संपवली आणि अक्काला गंभीरपणे सांगितलं, "ही बाटली अंमळ जोरकस आहे." अक्का म्हणाली, "दिसतंच आहे ते. आता मी काय जेवू?"

बुवा बोलू लागले. "दुखतं," ते म्हणत, "पण आता ते दुसऱ्याचं दुखल्यासारखं वाटतं." सेतू बांधून झाला, लंका पडली. पण औषध थोडं जास्त झालं की बुवांचे श्लोक निसटत आणि कमी झालं की चमक उठे. त्या दोहोंमधली बारीक वाट साडू रोज नव्यानं शोधत.

राज्याभिषेकाच्या दिवशी बुवांनी औषध परत केलं. "आज एक अक्षरही निसटायला नको, डॉक्टर."

"तुम्हाला सोसणार नाही."

"नाही सोसणार. पण आज नको."

मला वाटलं, साडू आता नाक दाबून पाजतील. त्यांनी बाटली खिशात टाकली आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभे राहिले. बुवांनी अभिषेक सुरेख सांगितला, एक शब्द चुकला नाही. पण प्रत्येक श्लोकाला डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मंडळी म्हणत होती, काय ही भक्ती! मुन्सफ उपरण्यानं डोळे पुसत होते. त्या धारा कसल्या ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि साडूंची खिशातली मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. आरती होताच ते जोड्यांसकट आत धावले आणि बुवांच्या तोंडाला बाटली लावली.

परतताना पुलावर ते थांबले. "मास्तर, आज मला औषधही देता आलं नाही आणि निघून जाताही आलं नाही."

मी त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि आम्ही चालू लागलो. आता बुवा नाहीत, साडूही नाहीत. पंचवटीत पुराणाला गेलो, की लोक आत बोलावतात, "या मास्तर, बसा." मला त्या दोघांची फार आठवण येते. मी थोडा वेळ बाहेर चपलांपाशीच उभा राहतो.