उन्हातल्या काकू

थेरगावात कंपनीच्या बसची वाट बघताना समोरच्या बाकावर एक बाई रोज उन्हात बसलेल्या दिसायच्या. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट, हातांत मोजे. एकदा न राहवून मी विचारलं, "काकू, एवढं गुंडाळून उन्हात?"

"आमवात आहे. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं म्हणे. त्यात व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि उन्हात बसा."

"पण ऊन अंगाला लागायला हवं ना?"

"उन्हात बसा म्हणाले. काळ्या व्हा नाही म्हणाले."

तरी थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केले. "बोटं वळत नाहीत गं. मोजे तेवढे ओढ."

मी हळूच ओढले. सुजलेली, वाकडी बोटं उन्हात धरून त्या म्हणाल्या, "हात दिले. तोंड मात्र देणार नाही."