जित्या माणसाचं नाव

जामच्या चौकात, नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं, छायाबाई तीस वर्षं भाजी घेऊन बसली. मेथी, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि त्यावरून पुण्याकडच्या गिऱ्हाइकांशी तिची हमखास जुंपायची. जीभ अशी तिखट की घासाघीस करणारा दुसऱ्यांदा फिरकायचा नाही. पण पंचक्रोशीत तिचं नाव निघायचं ते भाजीसाठी नव्हे. लेकराला हाकेचं नाव ठेवावं तर छायाबाईनंच, असं सगळे मानायचे.

दाखल्यावरचं नाव भटजी काढो की मोबाईल काढो, तिला काही देणंघेणं नव्हतं. अंगणात खेळणाऱ्या पोराला ज्या नावानं जेवायला बोलावतात, ते नाव तिचं. लाडू, गब्बू, झिप्र्या, टुन्नू. ही नावं अशी चिकटायची की हल्ली लोक तीच कागदावरही लावू लागले होते. समुद्रपूरच्या एका शाळेत गब्बू नावाचा पोरगा हजेरीला खरोखर गब्बू म्हणूनच ओ देतो.

ती नाव शोधत नाही, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. लेकरू मांडीवर घ्यायचं, कोवळ्या उन्हात बसायचं, डोळे मिटायचे. थोड्या वेळानं नाव आपोआप ऐकू यायचं, दुरून शेतातून कुणी हाक मारावी तसं. हाक मारणारं कोण, हे विचारायची तिला कधी छाती झाली नाही. एकदाच काही ऐकू आलं नव्हतं. गल्लीतल्या तानबाचा नातू होता तो, गुटगुटीत, हसरा. तासभर मांडीवर घेतला तरी सगळं सामसूम. उद्या येते म्हणून ती उठली, आणि आठव्या दिवशी तो नातू गेला. ही गोष्ट तिनं अठरा वर्षं पोटात ठेवली.

आणि मग या पोळ्याच्या सुमाराला मुकेशला मुलगा झाला. मुकेश म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, महादेवरावांचा, एकुलता एक पोरगा. नवरा वारल्यावर ती याच घरात परत आली होती. वर्षभरात वहिनी गेली, आणि चार वर्षांचा मुकेश तिच्याच पदराखाली वाढला. मुकेशला बहीण नाही, म्हणून बारशाला लेकराच्या कानात नाव सांगायचा मानही तिचाच. मुकेशनं तर आधीच सांगून टाकलं होतं की आत्या म्हणेल तेच हाकेचं नाव आणि तेच दाखल्यावरचं, त्याला दोन-दोन नावांची भानगड नको.

पण लेकराचं लक्षण ठीक नव्हतं. ते नीट पीत नव्हतं, रडत नव्हतं. ताट पडलं तरी दचकत नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि वजन मात्र रोज उतरत चाललं. मुकेशची बायको आकांक्षा सारखी त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची. लेकरू छताच्या कोपऱ्याकडे टक लावून पडलेलं असायचं, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं. छायाबाईला तो कोपरा बघवत नसे.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. काही नाही. चिमण्यांचा कलकलाट थांबला, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाजही कुठं विरून गेला, आणि त्या सामसुमीत तिला तानबाचं अंगण आठवलं. मग ती मुद्दाम एकेक नाव घेऊ लागली. गोलू, बंड्या, चिक्कू, पप्पू. देवाला नवस बोलावा तशी ती हलक्या आवाजात नावं बोलत राहिली. लेकराची पापणीसुद्धा हलली नाही.

तेवढ्यात गोठ्याकडून महादेवरावांचा आवाज आला.

"टिकू, चहा ठेव वं."

लेकरानं मान वळवली. त्या हाकेच्या दिशेनं डोळे फिरवले, ओठ हलवले, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा ते लेकरू भुकेनं रडलं.

आता हे टिकू कोण ते सांगायला हवं. महादेवरावांनंतर आणि छायाबाईच्या आधी झालेली आईची दोन लेकरं गेली होती. ही तरी टिकावी म्हणून आजीनं तिला टिकू म्हटलं. छाया हे नाव शाळेत मास्तरांनी घातलेलं. टिकू म्हणणारी माणसं एकेक करून गेली आणि एकटे महादेवराव उरले. आणि आमच्याकडे घरातल्या जित्या माणसाचं नाव लेकराला देत नाहीत. एक नाव दोघांना पुरत नाही, ते एकाकडून सुटतं, असं जुनी माणसं म्हणतात. छायाबाईला ते पक्कं माहीत होतं. तिनं लेकराला आकांक्षाच्या कुशीत दिलं आणि चहा ठेवला.

बारशाला गल्लीतल्या बाया जमल्या. पाळण्याखालून वरून वरवंटा फिरवला. घुगऱ्या तयार होत्या. छायाबाई वाकली, लेकराच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीवर बाया चापट्या मारतात, तशा त्यांनी हसत हसत हाणल्या. चांगल्या सणसणीत हाणल्या, आवाज ओसरीपर्यंत गेला. छायाबाईला एकही लागली नाही. कुणाच्या पाठीवर मारून राहिल्या, असं तिला वाटलं.

मुकेश खूश झाला. इंग्रजीत एक के लावू का दोन, म्हणून तो मोबाईल घेऊन तिच्या मागं लागला. कुठल्याशा ॲपमध्ये पाच अक्षरं शुभ निघाली होती. दोन लाव, ती म्हणाली, नाव भक्कम दिसू दे.

महादेवराव ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. बाया गेल्यावर ते तिच्याजवळ आले.

"काऊन केलं वं असं?"

"साठ वर्ष वापरलं मी, दादा. लय पुरलं मले. आता त्याच्या कामी पडू दे."

ते नाव परत घे म्हणणं म्हणजे नातवाच्या तोंडचं दूध काढून घेणं होतं, कारण आत लेकरू चुटूचुटू पीत होतं.

दसऱ्यापर्यंत टिक्कू चांगला बाळसं धरून बसला. आणि छायाबाईचं काहीतरी सुटत चाललं. जामच्या चौकात चहावाले किसनराव इतकी वर्षं न चुकता तिला अर्धा कप पाठवायचे. तो यायचा थांबला. ती विचारायला गेली तर ते तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिले. एसटीचा कंडक्टर तिच्या पुढच्याला आणि मागच्याला तिकीट देऊन निघून गेला. एक दिवस तिच्याच बारदान्यावर दुसरी बाई भेंड्या मांडून बसलेली दिसली, आणि ती म्हणाली की ही जागा रिकामीच होती, कोणी बसत नाही इथं. पूर्वीची छायाबाई असती तर चौक डोक्यावर घेतला असता. ही नुसती घरी आली. आपण भांडायला हवं होतं, एवढं तिला कळत होतं, पण कशासाठी ते सापडेना.

मग तिनं चौकात जाणंच सोडलं. दिवसभर टिक्कूला घेऊन बसायची. नवऱ्याचं नाव आठवेना. मग त्याचा चेहराही गेला. तिला त्याचं दुःख वाटत नव्हतं. मांडीवरचं लेकरू ऊबदार होतं, दिवसागणिक जड होत होतं, आणि त्याच्याकडे बघताना तिचा जीव अगदी भरून यायचा.

तुरीला शेंगा लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. दुपार कलत होती. महादेवराव शेतातून आले, अंगणात उभे राहिले आणि इतक्या दिवसांनी त्यांनी ती हाक मारली.

"टिकू."

मांडीवरचं लेकरू खिदळलं, हातपाय झाडू लागलं. छायाबाईला मोठं कौतुक वाटलं. कसं ओळखतं आपलं नाव, ती म्हणाली.

"तुले म्हणून राह्यलो वं. टिकू, इकडं पाह्य."

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. समोरचा म्हातारा एकाएकी अंगणात खाली बसला आणि डोक्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबून रडू लागला. छायाबाईला फार वाईट वाटलं. कोण बिचारा, कुठून आला, घरचं कुणी सोबत नाही. तिनं लेकराला कडेवर घेतलं, आतून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"पाणी घ्या जी," ती म्हणाली. "लांबून आले का?"

महादेवरावांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. हो, लय लांबून आलो, असं म्हणाले आणि पाणी प्यायले.