दहा लाख तीन आणि माझी ताई

माझ्या ताईचं कॉलेज मी बुडवलं.

आज सकाळी ताई गेली. भरपूर जगली, सगळे म्हणताहेत, आणि ते खरंच आहे.
पण ही गोष्ट आता लिहून टाकते.

मुलुंड, पन्नासचं दशक. ताई नुकतीच मॅट्रिक झालेली, मी नऊ वर्षांची.
तिला गणित घेऊन कॉलेजात जायचं होतं. बाबांना तिचं लग्न उरकायचं होतं. घरात रोज धुसफूस.

शेवटी मामानं तोड काढली. तो शाळेत गणित शिकवायचा. त्यानं कागदावर एक आकडा लिहिला.

१०००००३

"ही मूळ संख्या आहे का, सांग. आठ दिवस देतो."
म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानं पूर्ण भाग जातो का.

बाबा म्हणाले, "बरोबर आलं तर कॉलेज. चुकलं तर मी म्हणेन ते स्थळ."

ताईनं मला समजावलं होतं. ही संख्या फुटत असेल, तर तिचा एक तरी भाजक हजाराच्या आत सापडणारच. म्हणून हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या एकशे अडुसष्ट.

कॅल्क्युलेटर कुठला! बाबांच्या ऑफिसातले पाठकोरे कागद आणि पेन्सिल.
ती भागायची. मी गुणाकार करून ताळा बघायचे.

कारलं आधी संपवावं तशी ती ९९७ पासून उलटी खाली आली. एकशे बासष्ट भागाकार, प्रत्येकाला बाकी उरलेली. हात दुखायचा बिचारीचा.

मग आला तेरा.
बाकी शून्य!

मी तेरानं गुणून पाहिलं. तिच्या कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं.
ती म्हणत होती, "थांब गं, परत एकदा बघू दे."
मी कसली थांबतेय! धावत जाऊन बाबांना सांगितलं, "फुटली! तेरानं भाग जातो!"

मामानं तोंडीच भागलं. "नाही रे बाबा. बाकी चार उरते."

ताईनं त्या एका भागाकारात एक शून्य जास्त लिहिलं होतं. दहा लाख तीनच्या जागी एक कोटी तीन. त्याला तेरानं भाग जातो.
ती शून्यं मोजणं माझं काम होतं.

मूळ आहे म्हणायला एकशे अडुसष्ट भागाकार लागतात. नाही म्हणायला एकच पुरतो.
एका शून्यानं सगळ्याची वाट लागली. दोन महिन्यांत ताई लग्न होऊन अंधेरीला गेली.

मला कधी एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागायचं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये शेवटी धीर केला.
"ताई, तेव्हा मी धावले नसते तर..."
"अगं, नऊ वर्षांची होतीस तू. शून्य मी वाढवलं होतं."

मग म्हणाली, "तेरा मी परत केला. उरलेले पाचही केले. सासरी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात."
"आणि?"
"मूळच आहे ती."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही गं."

मी विचारायला हवं होतं, ताई.
माफ कर. सुखानं जा.