काकूंची दुनळी

खांद्यावर दुनळी बंदूक टाकून तुळशीला पाणी घालणारी बाई अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच होती, आणि ती माझी घरमालकीण होती. कंपनीने मला पुण्याहून कॉव्हेंट्रीला पाठवलं तेव्हा ओळखीच्या ओळखीतून काकूंच्या घरातली वरची खोली मिळाली. उंची जेमतेम पाच फूट, वय सत्तरीच्या पुढे, साडीवर काकांचा राखाडी कार्डिगन आणि पायात लोकरी मोजे, असं त्यांचं एकंदर ध्यान. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घर दाखवलं. "हा बॉयलर. याला तू हात लावायचा नाही. ही वॉशिंग मशीन. हिला रविवारी हात लावायचा नाही. आणि या कपाटात बंदूक आहे. तिला कधीच हात लावायचा नाही." मी कसंबसं विचारलं, "बंदूक कशाला, काकू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी छत्री कशाला म्हणून विचारलं होतं. "चोराला. आणखी कशाला असते?"

बंदूक अगदी कायदेशीर होती. या देशात पिस्तूल बाळगता येत नाही, पण पोलिसांचा कागद असला तर शॉटगन ठेवता येते. ती भिंतीला बोल्ट केलेल्या लोखंडी कपाटात ठेवायची आणि किल्ली कुठे आहे हे लायसन्सवाल्याखेरीज कुणाला कळू द्यायचं नाही. हा नियम काकूंनी सोळा सोमवारच्या व्रतासारखा पाळला. दर शनिवारी पूजा झाली की त्या मला खोलीत जाऊन दार लावायला सांगायच्या, मोठ्याने गाणं म्हणायला लावायच्या (किल्लीचा आवाज कुठून येतो तेही मला कळता कामा नये), आणि मग बंदूक बाहेर काढायच्या. तिला तेल लावून, पुसून, हातावर घेऊन त्या घरभर फिरायच्या: स्वयंपाकघर, पुढची खोली, जिना, मागचं अंगण. शेवटी खिडकीतल्या कुंडीतल्या तुळशीला पाणी. त्यासाठी एक हात मोकळा लागायचा, म्हणून बंदूक खांद्यावर जायची. माझी सगळी बालगीतं त्या घरात संपली, मग मी पाढे म्हणू लागले. एकदा एकोणतिसाच्या पाढ्यात अडखळले तर खालून आवाज आला, "दोनशे बत्तीस! थांबू नकोस, मी अजून कपाट उघडतेय."

पण केवळ बंदुकीवर विसंबून राहणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पुढच्या दाराशी अकरा नंबरचे पुरुषी बूट असायचे. ते चॅरिटी शॉपमधून आणले होते आणि दर आठवड्याला काकू त्यांना ताजा चिखल लावायच्या. "कोरडा चिखल बघून चोराला कळतं, माणूस घरात नाही." मागच्या अंगणात कुत्र्याचं ताट होतं. कुत्रा नव्हता. तरी सकाळ-संध्याकाळ काकू दार उघडून "मोत्या, बस! खाली बस म्हणते ना!" असं ओरडायच्या. शेजारच्या इंग्लिश आजी नाताळात न चुकता मोत्यासाठी हाडाचं पाकीट द्यायच्या. एकदा त्यांनी मला रस्त्यात गाठून काळजीने विचारलं, "मोटिया कसा आहे? हल्ली भुंकताना ऐकू येत नाही." मी म्हणाले, म्हातारा झालाय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "मग आता त्याला जरा हळू ओरडायला पाहिजे."

मला या सगळ्याचं हसू यायचं आणि भीतीही वाटायची. ताप आल्याने एकदा मी दुपारीच ऑफिसातून परतले, तर जिन्याखालून लाटणं उगारून काकू बाहेर आल्या. मला बघून लाटणं खाली घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बंदूक काढायला वेळ मिळाला नाही." ताप त्याच क्षणी उतरला असावा.

मग लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली. दर पाच वर्षांनी पोलीस घरी येऊन कपाट तपासतो आणि बंदूक कशासाठी हवी ते विचारतो. स्वसंरक्षण हे उत्तर इथे चालत नाही. मी इंटरनेटवर वाचून काकूंची आठवडाभर तयारी करून घेतली. "क्ले शूटिंग म्हणायचं, काकू. मातीच्या चकत्या उडवतात, त्यांच्यावर नेम धरायचा, तो खेळ." काकू मान डोलवत राहिल्या.

अधिकारी आला तो भला उंच, मवाळ चेहऱ्याचा माणूस. काकूंनी त्याला चहा आणि चिवडा दिला. त्याने फॉर्म काढून विचारलं, "मॅडम, बंदूक कशासाठी ठेवता?"

"फॉर थीफ," काकू म्हणाल्या.

मी डोळे मिटले. त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे मला लिहिता येणार नाही."

"आय नो. तुझ्या आधीच्यालाही लिहिता आलं नव्हतं. त्याने त्याच्या मनाने काहीतरी लिहिलं. तूही लिही. चिवडा घे."

तो हसला आणि म्हणाला, आधी कपाट तर बघू. काकूंनी नियमाप्रमाणे आम्हा दोघांना अंगणात काढलं. आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याने ताटाकडे बघून कुत्रा कुठेय विचारलं, मी विषय हवामानाकडे नेला. वीस मिनिटं झाल्यावर मात्र मला राहवेना. आत गेले तर काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. सगळे ड्रॉवर उघडे, उशा जमिनीवर.

"अगं, आठवतच नाही गं," त्या म्हणाल्या. "गेल्या शनिवारी ठेवली. कुठे ठेवली?"

एवढ्या काळात त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तो अधिकारी मागून आला, आपलं लांबलचक शरीर घडी घालून त्यांच्याशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "काही घाई नाही. आज मला दुसरीकडे जायचं नाहीये." काकूंना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांचा श्वास जरा संथ झाला. अर्ध्या तासाने शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, किल्ली सापडली.

बंदूक आरशासारखी लखलखत होती. त्याने ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "काडतुसं कुठे आहेत?"

"नाहीत," काकू म्हणाल्या. "हे गेल्यापासून आणलीच नाहीत. अकरा वर्षं झाली."

मी भिंतीला टेकले. दोन वर्षं मी ज्या बंदुकीला घाबरून पाढे म्हटले तिच्यात घालायला घरात एक काडतूस नव्हतं!

"मग चोर आला असता तर?" त्याने विचारलं.

"त्याला काय माहीत?" काकू म्हणाल्या. आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत, त्यांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. त्या लग्न करून आल्या त्यानंतरच्या वर्षांत त्या गल्लीत आपल्या लोकांची दोनच घरं होती. एका रविवारी दुपारी पुढच्या खोलीची काच फोडून वीट आत आली. मुलगी पाळण्यात होती. पुढच्या महिन्यात पुन्हा वीट आली. तक्रार केली, कुणी फिरकलं नाही. काका मोटारीच्या कारखान्यात होते. त्यांच्या पाळीतला एक गोरा मित्र म्हणाला, तू माझ्या शूटिंग क्लबात ये, लायसन्स काढ. मग पोलिसांना तुझ्या घरी यावंच लागेल. "आणि आले," काकू म्हणाल्या. "गाडी दारात तासभर उभी होती. सगळ्या गल्लीने बघितली. त्यानंतर वीट नाही आली. बंदुकीने काही केलं नाही, बाबा. तुमच्या गाडीने केलं."

अधिकाऱ्याने फॉर्म पुढे ओढला, बहुधा मनाने काहीतरी लिहायलाच. पण काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"नको. किल्ली कुठे आहे ते फक्त मला माहीत पाहिजे, असा तुमचा कायदा. आता मलाही माहीत नसतं. घेऊन जा."

मी म्हटलं, "काकू, एकदा विसरलात म्हणून काय झालं?"

"एकदा नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू पाढे म्हणतेस तेव्हा मी शोधतच असते."

त्यांनी सही केली, त्याने पावती दिली आणि बंदूक पिशवीत घालून गाडीकडे नेली. काकू त्याच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि महिन्यातून एकदा तेल लावायला त्याला बजावून आल्या. पुढच्या शनिवारी पूजा झाल्यावर त्या जिन्याशी आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली, "खाली ये गं. आज थालीपीठ लावते." तीही पुढे त्यांनी इतकी लावली की मला पाढेच बरे वाटू लागले.

वर्षभराने माझं प्रोजेक्ट बदललं आणि मी मेडनहेडला आले. नवा फ्लॅट, सहावा मजला, खाली कॅमेरे, कार्डावर उघडणारं दार. पहिल्या संध्याकाळी ऑफिसातून येऊन बॅग टेकवली, तर मी आले की नाही हे या गावात कुणालाच माहीत नाही, हे एकदम लक्षात आलं. काकूंना फोन लावला.

"पोचलीस?"

"हो. काकू, इथे ना..."

"थांब. आधी दार लाव, मग बोल."

मी फोन घेऊन दारापाशी गेले आणि कडी सरकवली. तिकडे त्या कान देऊन ऐकत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांग."