अक्कांचं जेवण

चामराजपेटेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. वजन कमी करण्यासाठी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. एक इडली त्या इतकी सावकाश चावून खातात की समोरच्याची कॉफी निवून जाते. जेवताना पाणी पीत नाहीत. कुणी आग्रह केला की पानावर हात आडवा धरून हसत म्हणतात, "साकु, पुरे! माझं पोट आता तान्ह्या बाळाच्या पोटाएवढं आहे." सांगताना जराही संकोच नसतो.

परवा शेजारच्या बारशाला आम्ही एकाच पंगतीत होतो. अक्कांच्या बाजूला त्यांची कॉलेजात जाणारी भाची बसली होती, अंगानं चांगली भरलेली. पुरणपोळी वाढणाऱ्या बाईंनी तिच्यापाशी येऊन हात मागे घेतला.

"तुला कशाला गं? अक्का बघ कशा बारीक झाल्यात. तूही ऑपरेशन करून घे."

पोरीनं मान खाली घातली.

अक्कांनी तोंडातला घास नीट चावून संपवला.

"मी गुडघ्यांसाठी आणि शुगरसाठी ऑपरेशन केलं," त्या म्हणाल्या. "लोकांच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून नाही. तिला भूक लागलीय, वाढा."

बाईंनी पोळी वाढली. अक्कांनी स्वतःच्या हातानं त्या पोळीवर तूप सोडलं. भाची हळूहळू जेवू लागली. अक्कांचं जेवण केव्हाच आटोपलं होतं, पण तिचं होईपर्यंत त्या पानावरून उठल्या नाहीत.